आडोसा

बॅलार्ड इस्टेट, रविवार, सहा वाजून दहा.
दगडी इमारतींच्या कपाळावरून रात्रीचं पाणी अजून निथळतंय
आणि आयोजकांचा तंबू एका कुशीवर बसलाय
भिजलेल्या म्हशीसारखा.

सप्टेंबर सरत आला तरी पावसाचं जायचं नाव नाही.
रद्द करताय का, विचारलं
तर शिट्टीवाले कारखानीस म्हणाले,
सगळ्या गटांची एकच शर्यत. चाळीस मिनिटं आणि वर तीन फेऱ्या.
घरी जायचं त्यानं जावं, फी परत नाही.
फी सहाशे.
कोणी हललं नाही.

आम्ही चौघं. भायखळ्याच्या चष्मेवाल्यानं दिलेल्या जर्सी,
धुऊन धुऊन पाठीवर नुसता 'च' उरलेला.
हर्मन तुस्कानो, वसईहून रात्री अडीचला टेम्पोत सायकल टाकून निघालेला.
इरफान मुकादम, बोलत नाही, चालवतो.
वेदिका राऊळ, बावीस वर्षांची,
शेवटच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवलेली.
आणि मी. सत्तेचाळीस. डाव्या गुडघ्यात कुरकुर.
लोक इथे रविवारी हवा खायला येतात,
मी वारा खायला.

कोपरे चार.
पहिला सोपा.
दुसऱ्यावर झेब्रा क्रॉसिंग, साबण चोळल्यासारखं.
तिसऱ्यावर गटाराचं लोखंडी झाकण,
नेमकं तिथे जिथून वळायला हवं.
चौथ्यानंतर बंदर सगळं तोंडावर येतं.

ब्रेक दाबला की आधी काहीच होत नाही,
मग एकदम सगळंच होतं.
पुढच्याच्या चाकाचं पाणी माझ्या तोंडात:
डिझेल, वाळू, कबुतरांचं काहीबाही.
थुंकायला उसंत नाही.
गिळलं.

नवव्या फेरीत मागून आवाज आला,
फळीवरून ताटं-वाट्या घसराव्यात तसा.
मागे बघायचं नाही, हा माझाच नियम.
मी बघितलं.
हर्मन बसला होता रस्त्यात, मांडी घालून,
जेवायला बसल्यासारखा,
आणि सायकल त्याच्याशिवायच थोडी पुढे गेलेली.

पडलेल्याला एक फेरी माफ.
पुढच्या वळशाला तो पुन्हा आमच्यात,
मांडीवरचं रक्त पावसात पातळ होत मोज्यात उतरतंय.
"चल रे," म्हणाला, "घरी गेल्यावर मार तर मिळणारच आहे."
तोवर पुढचे तीस मीटर निसटले होते.

मग मी पुढे गेलो आणि राहिलो.
दिसत होतं ते एवढंच: पुढचा टायर, त्याच्याखाली फाटणारं पाणी.
वेदिकाचा श्वास पाठीशी, जवळ,
कुणी कानात आकडे मोजतंय असा.
किती फेऱ्या उरल्या? घंटा झाली की कळेल.
घंटा शाळेतून आणलेली, पितळेची,
आम्ही तिच्यावर विसंबून.

पुढचे एकाएकी सैल पडले.
एकानं हात वर केले, का ते कळेना.
बाकीचे आमच्या वाटेतून बाजूला झाले.
आम्हाला वाटलं, दमले.
आता!
इरफाननं दात आवळले, हर्मननं आईचं नाव घेतलं,
चौघं एका दोरीत, दुसरा कोपरा, झाकण चुकवून तिसरा,
चौथ्याला मी वारा शेवटचा छातीवर घेतला
आणि बाजूला झालो.
वेदिका निघाली.
असं निघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, कोणालाच नाही.
मोकळा रस्ता, दोन्ही हात सुटलेले,
आणि रेषेपाशी कारखानीस प्लास्टिकच्या खुर्चीवर
घंटा टॉवेलात गुंडाळत.

"तुमची शर्यत मघाशीच संपली," ते म्हणाले.
"ही अकरावी आली. तुम्ही त्याच्या मागे कुठेतरी."
"मग आत्ता पहिलं कोण?" हर्मननं विचारलं.
कारखानीसांनी वहीकडे पाहिलं. शाई फुटली होती.

संध्याकाळी कानातून वाळू निघाली.
साखळी रॉकेलच्या डब्यात घातली, ब्रश फिरवला,
बायको म्हणाली, वास गॅलरीतच ठेव.
वेदिकाचा मेसेज होता:
काका, पुढच्या वेळी घंटा नीट ऐका.
ओल्या बोटानं लिहायला वेळ लागला.
लिहिलं, मी वाऱ्यात असतो गं.
मागे आडोशाला असतं त्यानं ऐकायचं.